धुरकट अत्तर आणि उतारवयातील नाक

फुलांच्या अत्तरांशी आपला परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मोगरा, हिना, केवडा, गुलाब यांपैकी एखाद्याचा फाया लग्नसराईत कानात खोचलेला नाही, असा ज्येष्ठ माणूस विरळाच. अलीकडे मात्र नातवंडे परदेशाहून येताना किंवा शहरातील मोठ्या दुकानातून आजोबांसाठी जी काळपट काचेची बाटली आणतात, तिच्यातील वास कोणत्याही फुलाचा नसतो. अरण्यातील ओलसर लाकूड, विझत आलेली शेकोटी आणि नव्या जोड्यांचा खोका उघडताच येणारा चामड्याचा दर्प, असे ते मिश्रण असते. आजोबा ते हुंगून प्रसन्न होतात. आजी स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, काही जळतंय का बघा बरं!" दोघांचीही नाके बरोबरच असतात. हा वास कशाचा बनतो, हे जाणून घेण्याजोगे आहे; आणि अशी बाटली घरात आली की घरातील वृद्धांच्या घ्राणशक्तीविषयी तिच्याकडून पुष्कळ काही कळू शकते. म्हणून या वेळी तिच्याविषयी.

प्रथम एक शंका दूर करू. सोवळे पाळणाऱ्या किंवा शाकाहाराविषयी काटेकोर असलेल्या वृद्धांना प्रश्न पडतो की, या अत्तरात खरोखर चामडे असते काय? नसते. चामड्याला आपण जो वास म्हणतो, तो मुख्यतः कातडे कमावताना वापरलेल्या पदार्थांचा असतो. आपल्या कोल्हापुरी वहाणांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते. त्या वहाणांचा वास वेगळा, तो त्यामुळेच. कच्च्या कातड्याला स्वतःची जी घाण येते, ती तर झाकावीच लागते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील ग्रास हे गाव आज सुगंधी द्रव्यांची राजधानी म्हणून ओळखले जाते. पण मुळात ते कातडी कमावणाऱ्यांचे आणि हातमोजे शिवणाऱ्यांचे गाव. मोज्यांची दुर्गंधी लपवण्यासाठी त्यांना सुवास देण्याची रीत पडली आणि कालांतराने मोजे मागे राहून सुवासाचाच धंदा वाढला. पूर्वी या प्रकारच्या अत्तरांत बीव्हर नावाच्या पाणथळ प्रदेशातील प्राण्याच्या ग्रंथींतून मिळणारा पदार्थ घालीत, हे खरे आहे. आज त्याची जागा बहुतांशी प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनांनी घेतली आहे. तरीही ज्यांना खात्रीच हवी, त्यांनी वेष्टनावर प्राणिज घटक नसल्याचा उल्लेख पाहावा.

या वासाचा खरा उगम आहे उत्तरेकडील थंड अरण्यांत. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जवृक्षाचे सगेसोयरे रशियात आणि स्कँडिनेव्हियात मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. त्यांची साल बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली की तिच्यातून काळे, दाट डांबर पाझरते. माणसाला हे डांबर फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे; इटलीत सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर ते चिकटवलेले आढळले आहे. रशियन कारागिरांनी भूर्जाचे तेल चामड्यात मुरवले. त्यामुळे चामडे पाण्याला दाद देईनासे झाले, त्याला कीड लागेना, आणि त्याला असा एक धुरकट सुवास चढला की 'रशियन चामडे' ही युरोपभर चैनीची वस्तू ठरली. १७८६ च्या डिसेंबरात असे चामडे घेऊन सेंट पीटर्सबर्गहून जिनोव्हाला निघालेले 'मेट्टा कॅथरिना' हे जहाज इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ बुडाले. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडले, तेव्हा चिखलात रुतलेल्या गुंडाळ्यांतील पुष्कळसे चामडे वापरण्याजोगे निघाले, आणि कारागिरांनी त्याच्या वस्तूही बनवल्या. जवळजवळ दोन शतके समुद्रतळाशी टिकलेल्या या गुणाचा वास बाटलीत भरावा, असे सुगंधकारांना वाटले तर नवल नाही. १९२० च्या दशकात शानेल या फ्रेंच पेढीने 'रशियन चामडे' याच अर्थाच्या नावाचे अत्तर काढले. ते घडवणारा एर्नेस्ट बो मॉस्कोत जन्मलेला होता.

आपल्याकडील द्रव्ये या मिश्रणात किती आहेत, हे पाहिले की परकेपणा बराच कमी होतो. दिवाळीच्या उटण्यात आपण जो नागरमोथा घालतो, त्याच्या मुळांचे तेल हा आजच्या धुरकट, चामडी अत्तरांचा एक महत्त्वाचा आधार आहे. मध्य प्रदेशातील जंगलांतून ही मुळे गोळा होतात. वाळ्याच्या मुळांत धुराची छटा अंगचीच असते. चामड्याचा संबंधही आपल्याला अगदी नवा नाही: कनौजचे अत्तरवाले तयार अत्तर चामड्याच्या कुप्पीत मुरवीत. चामड्यातून पाण्याचा अंश हळूहळू निघून जाई आणि तेल आत राही.

आता बाटलीवरील 'अरण्यप्रेरित' या शब्दाकडे वळू. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'अरण्यस्नाना'ची कल्पना मांडली, तेव्हापासून वनांचा आणि आरोग्याचा संबंध बराच चर्चिला गेला आहे. त्याचा लाभ उठवून काही विक्रेते अत्तरालाही मनःशांतीचे गुण चिकटवतात. अरण्यात गेल्याने माणूस चालतो, ऊन-वारा घेतो, गजबजाटापासून दूर होतो. बाटलीच्या फवाऱ्यात यांपैकी काहीही नाही. शिवाय रानातून धूर निघत असेल, तर तेथे एक तर माणूस आहे किंवा वणवा. सुवास आवडला म्हणून अवश्य घ्यावा, औषध म्हणून घेऊ नये.

मात्र स्मृतीच्या बाबतीत या वासाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूत एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांकडे बराचसा थेट पोहोचतो. स्वीडनमधील विलँडर आणि लार्सन या संशोधकांनी २००६ मध्ये ६५ ते ८० वर्षे वयाच्या ९३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्द किंवा चित्रे दाखवल्यावर या मंडळींना प्रामुख्याने किशोरवयातील आणि तारुण्यातील प्रसंग आठवत. वास दिल्यावर मात्र वयाच्या पहिल्या दहा वर्षांतील आठवणी वर येत. आपल्या पिढीचे बालपण तर धुराने आणि चामड्याने भरलेले होते. पहाटे अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटे, गोठ्यात डासांसाठी धुरी होई, हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी पेटे. विहिरीवर चामड्याची मोट चाले आणि तिचा ओला, उग्र वास थारोळ्यापाशी कायम भरून राही. ज्यांनी तो लहानपणी घेतला आहे, त्यांना पॅरिसची बाटली हुंगूनही गावची विहीर दिसेल.

पण ज्याच्या-त्याच्या आठवणी निराळ्या. आजोबांना ज्या धुरात शेकोटी दिसते, त्याच धुरात आजींना फुंकणी दिसते. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या कित्येक स्त्रियांच्या फुप्फुसांना त्या धुराने कायमची इजा केली आहे. ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही, त्यांना उतारवयात धाप लागते, त्याचे हे एक मोठे कारण. अशा घरात धुरकट अत्तराचा फवारा उडवण्यापूर्वी आजींना विचारावे. त्यांचा नकार हा लहरीपणा समजू नये.

आता मुख्य मुद्दा. गंध जाणणाऱ्या पेशी नाकाच्या छताशी, टपाल तिकिटाएवढ्या जागेत असतात. त्यांचे तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून मेंदूत शिरतात. या पेशी जन्मभर मरतात आणि नव्याने तयार होतात. वय वाढते तसा हा नव्याने तयार होण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ५३ ते ९७ वर्षे वयाच्या लोकांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २४.५ टक्के लोकांची घ्राणशक्ती उणावलेली आढळली. ऐंशीच्या पुढच्या गटात हे प्रमाण ६२.५ टक्के होते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, 'मला वास कमी येतो' असे स्वतःहून सांगणारे एकंदरीत दहा टक्केही नव्हते. दृष्टी मंदावली की अक्षर दिसत नाही, ऐकू येईनासे झाले की घरातले चिडतात. वास मात्र निमूटपणे जातो. ज्याचा जातो, त्यालाही त्याची वार्ता नसते.

येथे अत्तराची बाटली उपयोगी पडते. जे गृहस्थ वर्षानुवर्षे दोन फवारे उडवीत, ते सहा-आठ उडवू लागले. खोलीत शिरताच आपल्याला ठसका लागतो आणि ते म्हणतात, "या बाटलीत दमच राहिला नाही". महिनाभर पुरणारी बाटली पंधरवड्यात संपली, तर दोष बाटलीचा नसून बहुधा नाकाचा असतो. टिंगल न करता याची नोंद घ्यावी. त्यासोबतच्या खुणाही पाहाव्यात. आमटीत मीठ अधिक पडू लागते, चहात साखर वाढते, नासलेले दूध ध्यानात येत नाही, जेवणावरची वासना उडते. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळत राहते. पण ज्याला आपण पदार्थाची चव म्हणतो, तिचा मोठा वाटा नाकाचा असतो. तो गेला की माणूस मिठाने आणि साखरेने भर घालू पाहतो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांना ही भर महागात पडते. अशा वेळी आले, जिरे, लिंबू, कोथिंबीर सढळ हाताने वापरावी आणि ताटात कुरकुरीत, मऊ, गरम, गार असे भेद ठेवावेत.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा तर डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड, संत्र्याची साल आणि अंगाचा नेहमीचा साबण, यांपैकी एकेक नाकाजवळ धरावा. कापूर, निलगिरी, अमोनिया किंवा मिरचीची फोडणी यांसाठी वापरू नये. नाकात झोंबणारे पदार्थ चेहऱ्याच्या संवेदनेची वेगळीच चेता जागी करतात. म्हणून ज्याला वास मुळीच येत नाही, त्यालाही फोडणीचा ठसका लागतो आणि घरच्यांची समजूत होते की नाक उत्तम आहे.

वास कमी झाल्याचे आढळले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. सर्दीचे जुने दुखणे, नाकातील मांसवाढ, डोक्याला लागलेला मार, कोविडसारखा विषाणुसंसर्ग, काही औषधे अशी कारणे असतात आणि त्यांतील काही बरी होतात. कंपवात आणि अल्झायमर या विकारांत इतर लक्षणांच्या काही वर्षे आधी घ्राणशक्ती मंदावू शकते, हे खरे आहे. पण वास जाणाऱ्या प्रत्येकाला हे विकार होतात, असे मुळीच नाही. डॉक्टरांना सांगण्याची ती एक बाब आहे, रात्रीची झोप घालवण्याची नव्हे.

दरम्यान घर सुरक्षित करणे आपल्या हाती आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा कुजक्या कोबीसारखा दर्प असलेला पदार्थ मुद्दाम मिसळतात. म्हणजे ही सारी व्यवस्था नाकाच्या भरवशावर उभी आहे. ज्या घरात दोन वृद्धच राहतात, आणि दोघांचीही नाके मंदावली आहेत, तेथे ती व्यवस्था कोसळते. अशा घरी गॅसगळती ओळखणारे आणि धूर ओळखणारे, अशी दोन्ही यंत्रे बसवून घ्यावीत. रात्री रेग्युलेटर बंद करण्याचा नेम ठेवावा. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीपाशी लावावा. उरलेल्या अन्नाच्या डब्यांवर तारीख टाकावी. 'वास घेऊन बघते' हा निकष आता पुरेसा नाही.

आणि धुरकट अत्तराविषयी येथे एक खास सूचना. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मंडळींनी स्वतः असे अत्तर लावू नये. दृष्टी अधू, स्मृती क्षीण, अशा व्यक्तीला अचानक धुराचा वास आला की ती घाबरते, अंथरुणातून उठू पाहते आणि पडते. दुसरा धोका उलट्या बाजूचा. खोलीत रोजच धुराचा सुवास दरवळत असला, तर खरा धूर आला तेव्हा 'ते अत्तरच असेल' म्हणून दुर्लक्ष होते.

कधी काही वृद्ध वारंवार म्हणतात, "काहीतरी करपतंय," आणि घरात तर चूलही पेटलेली नसते. प्रथम प्रत्येक वेळी उठून खात्री करावी: शेगडी, विजेची बटणे, देवघर. काहीच नसेल, तर 'भास होतोय तुम्हाला' म्हणून सोडून देऊ नये. नसलेला वास येण्याचा हा विकार असतो, आणि अशा वासांत जळल्याचा, धुराचा वास विशेष आढळतो. सर्दी, सायनसचा दाह, अर्धशिशी यांतून तो उद्भवतो. क्वचित मेंदूतील झटक्यांमुळेही. वास किती वेळ टिकतो, एका नाकपुडीत येतो की दोन्हींत, त्या वेळी माणूस गोंधळतो का, हे टिपून ठेवावे. डॉक्टरांना या टिपणाची मोठी मदत होते.

मंदावलेल्या नाकाला व्यायामही देता येतो. जर्मनीतील ड्रेसडेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत सोपी आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळी व संध्याकाळी, प्रत्येकी दहा सेकंदांच्या सुमारास, मन लावून घ्यायचे, असे १२ आठवडे. गुण सर्वांना येत नाही आणि आला तरी सावकाश येतो, परंतु खर्च नाही आणि अपायही जवळजवळ नाही. दमा असणाऱ्यांनी निलगिरी वगळावी. आजोबांना त्यांचे धुरकट अत्तर प्रिय असेल, तर कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन ते पाचवे ठेवायला काहीच हरकत नाही. वास घेताना 'हा कशाचा, कुठला' हे बोलते करावे. त्या पाच मिनिटांत ऐकायला मिळणाऱ्या गोष्टी बहुधा घरात कोणी पूर्वी ऐकलेल्या नसतात.

लावण्याविषयी आता थोडे. भूर्जाचे कच्चे डांबर म्हणजे एका परीने साठवलेला धूर. त्यात धुरातले कर्करोगकारक घटकही असतात. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांनुसार अत्तरात कच्चे डांबर चालत नाही, शुद्ध केलेलेच चालते. म्हणून हौसेने घरी बनवलेली, घटक न लिहिलेली धुरकट अत्तरे टाळावीत. ओक वृक्षावर वाढणारे, आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातीचे एक शैवाक अरण्याच्या वासासाठी वापरतात. त्यातील अ‍ॅलर्जी आणणाऱ्या दोन घटकांवर युरोपीय संघाने २०१७ मध्ये बंदी आणली. वृद्धांची त्वचा पातळ आणि कोरडी असते. तेव्हा अत्तर त्वचेऐवजी उपरण्याच्या टोकाला किंवा रुमालाला लावणे चांगले. त्वचेवरच हवे असेल, तर कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून दोन-तीन दिवस पाहावे. दम्याच्या किंवा धापेच्या रुग्णाच्या खोलीत फवारा उडवूच नये.

फवाऱ्याच्या अत्तरात बहुतांश मद्यार्क असतो. शुद्ध मद्यार्काची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच ठिणगी धरते. आपल्याकडे एवढी थंडी घरात क्वचितच. समई, निरांजन, शेगडी यांच्याजवळ फवारा उडवू नये आणि लावल्यावर अंगावरचे सुकेपर्यंत पूजेला बसू नये. घरात प्राणवायूचे यंत्र चालू असेल, तर त्या खोलीत मद्यार्काचे अत्तर नकोच. प्राणवायूच्या सान्निध्यात लहान ठिणगीही भडका घेते. त्यांच्यासाठी तेलातील अत्तरही नाकाच्या नळीजवळ, चेहऱ्याला किंवा उशीला लावू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हाती बाटली लागू देऊ नये. मधाच्या रंगाचा हा द्रव औषध समजून प्यायला जाऊ शकतो. तसे घडलेच, तर ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता बाटलीसह रुग्णालय गाठावे. एरवी तिची जागा कुलपाच्या कपाटात, औषधांच्या खणापासून दूर.